शिकारीच्या रायफलसाठी हलका बायपॉड: वजन पाहावे की उंची?

माळरान_डेन्व्हर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कोलोरॅडोत डेन्व्हरच्या ईशान्येला राहतो. यंदाच्या सोडतीत मला पूर्वेकडच्या माळावरचा प्राँगहॉर्नचा (हरणासारख्या प्राण्याचा) परवाना मिळाला आहे आणि नोव्हेंबरमध्ये डोंगरात एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाण्याचाही विचार आहे. रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची, बोल्ट ॲक्शनची (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची) असून स्कोपसह तिचे वजन साडेतीन किलोच्या जवळपास भरते. स्टॉक (ज्यात नळी बसते तो दस्ता) साच्यातून काढलेल्या साध्या प्लास्टिकचा आहे आणि पुढच्या बाजूला स्लिंग (पट्टा) अडकवण्याचा एकच स्टड (छोटी खुंटी) आहे. उपकरणे बसवण्याची पिकॅटिनी रेल किंवा एम-लॉक यांपैकी काहीही नाही.

आतापर्यंत मी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवूनच सराव केला आहे, परंतु माळावर पिशवी घेऊन कोण फिरणार? म्हणून बायपॉड, म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाला लावायचा दोन पायांचा आधार, घ्यायचा आहे. माझ्यासमोर तीन नावे आहेत. हॅरिसचा सहा ते नऊ इंच उंचीचा, दोन्ही बाजूंना कलणारा बायपॉड सुमारे ४०० ग्रॅमचा आहे. मॅगपुलचा सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास असून त्याची स्टडवर बसणारी आवृत्तीही मिळते. स्पार्टन या ब्रिटिश कंपनीचा कार्बन फायबरच्या पायांचा जॅव्हलिन दीडशे ग्रॅमच्या आसपास आहे, मात्र त्याची किंमत पहिल्या दोघांच्या दुपटीहून अधिक आहे. अडीचशे ग्रॅम वाचवण्यासाठी एवढे पैसे मोजणे शहाणपणाचे आहे का, हा माझा प्रश्न आहे.

ब्राझोसकाठ

टेक्सासमध्ये मी रानडुकरांच्या मागे असतो आणि माझ्या रायफलवर वर्षानुवर्षे हॅरिसच आहे. त्याचे पाय स्प्रिंगच्या जोरावर बाहेर येतात, चिखल लागला तरी काम करतात, आणि एखादा भाग गेलाच तर तो सहज मिळतो. केंटकीत तयार होणाऱ्या या बायपॉडची रचना अनेक दशकांत फारशी बदललेली नाही, आणि ती बदलण्याची गरजही कोणाला भासलेली दिसत नाही. अडीचशे ग्रॅम म्हणजे पाण्याच्या लहान बाटलीतले चार घोट. तेवढ्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे देण्याऐवजी त्या पैशांची काडतुसे घ्या आणि सराव करा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेजब्रश_उत्तर

ब्राझोसकाठ यांचा सल्ला पिकअपमधून उतरून दोनशे पावले चालणाऱ्यासाठी अगदी योग्य आहे. धागाकर्त्याला मात्र चालायचे आहे, आणि माळावर रांगायचेही आहे, त्यामुळे हिशेब थोडा वेगळा मांडावा लागेल.

आधी वजनाविषयी. बायपॉडचे वजन किती यापेक्षा ते रायफलवर कोठे बसते, हे अधिक महत्त्वाचे असते. साडेतीन किलोच्या रायफलच्या तोलबिंदूपासून पस्तीस सेंटिमीटर पुढे ४०० ग्रॅम अडकवले, तर तोल साधारण साडेतीन सेंटिमीटर पुढे सरकतो. दीडशे ग्रॅम अडकवले, तर जेमतेम दीड सेंटिमीटर. आकडा छोटा वाटतो, परंतु उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून घाईत नेम धरताना नळी खाली झुकू लागते आणि डावा हात लवकर थकतो. दिवसभर खांद्यावर रायफल असताना तर पुढचा भार तिला सतत फिरवत राहतो, आणि मिटलेल्या बायपॉडचे टोक पाठीत टोचते ते वेगळेच. हलक्या बायपॉडचा खरा लाभ येथे आहे. जॅव्हलिनसारख्या बायपॉडमध्ये लोहचुंबकाची खुंटी स्टॉकवरच्या छोट्या अडॅप्टरमध्ये बसते, त्यामुळे चालताना तो खिशात ठेवता येतो आणि नेम धरण्यापूर्वी क्षणात लावता येतो. जो बायपॉड वाटचालीत रायफलवर नसतोच, त्याचे वजन तोलाच्या दृष्टीने शून्य आहे.

आता उंचीविषयी, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे. कोलोरॅडोच्या पूर्वेकडचा माळ हा आखूड गवताचा आहे; बफेलो ग्रास आणि ब्लू ग्रामा ही गवते फार उंच वाढत नाहीत. तेथे सहा ते नऊ इंचांचा बायपॉड पोटावर झोपून वापरायला पुरतो. परंतु हाच माणूस वायोमिंगच्या सीमेपलीकडे सेजब्रशमध्ये गेला, तर नऊ इंचांवरून त्याला झुडपांच्या फांद्यांशिवाय काहीही दिसणार नाही. स्कोपमधून समोर मोकळे दिसत असले तरी नळी स्कोपपेक्षा दीड-दोन इंच खाली असते आणि गोळी एखाद्या काटकीला लागून भलतीकडे जाऊ शकते, हे नव्या शिकाऱ्याच्या लक्षात येत नाही. अशा ठिकाणी नऊ ते तेरा इंचांचा, किंवा बसून वापरायचा साडेतेरा ते सत्तावीस इंचांचा बायपॉड लागतो. हॅरिसचा हा शेवटचा प्रकार अर्ध्या किलोच्या आसपास जातो आणि पूर्ण उघडल्यावर त्याचे पाय थोडे लवचिक वाटतात.

सपाट भासणारा माळही खरे तर लाटांसारखा असतो. प्राँगहॉर्नची दृष्टी इतकी तीक्ष्ण आहे की तुम्ही उंचवट्यावर उभे राहिलात तर मैलभरावरून कळप हलतो. त्यामुळे तुम्ही उंचवट्याच्या अलीकडच्या अंगाने रांगत जाता आणि माथ्यावर फक्त नळी काढता. तेथे पुढची जमीन उतरती मिळाली, तर सहा इंचांचा बायपॉड अपुरा पडतो, कारण शरीर उताराबरोबर खाली झुकलेले असते आणि नळी मात्र समोरच्या प्राण्याकडे, म्हणजे जमिनीच्या तुलनेत वर, रोखायची असते. सराव मैदानावर ही अडचण कधीच येत नाही, कारण तेथील जमीन सपाट केलेली असते.

धागा_व्यवस्थापक

चर्चा उत्तम चालली आहे. दोन गोष्टी आताच नोंदवतो, म्हणजे विषय भरकटणार नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे ही चर्चा जेथे परवाना घेऊन शिकार करता येते अशा देशांपुरतीच आहे. अमेरिकेत एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक अथवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा तिला असलेला एक अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. आपण कोणत्या गटात मोडतो, हे खरेदीपूर्वी पाहावे. बायपॉड हे केवळ उपकरण असल्याने त्याच्या खरेदीला अशी अट नाही.

दक्षिण_आल्प्स

मी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला राहतो आणि टाहरच्या शिकारीला जातो. टाहर हा रानबकऱ्यासारखा प्राणी मूळचा आपल्या हिमालयातला. १९०४ मध्ये माउंट कुकजवळ सोडल्यानंतर तो येथे इतका फोफावला की १९९३ च्या नियंत्रण आराखड्याने त्याच्या संख्येवर १०,००० ची मर्यादा घातली. त्याचे वसतिस्थान म्हणजे कडे, घसरडा मुरूम आणि बर्फाने भरलेल्या घळी. अशा ठिकाणी शंभर ग्रॅमही जाणवतात, आणि पाठीवरचे ओझे ग्रॅमात मोजणे हे येथे थट्टेचे कारण नाही.

तरीही माझे मत थोडे वेगळे आहे: डोंगरातला सर्वोत्तम बायपॉड म्हणजे पाठीवरची सॅक. ती आधीच बरोबर असते, तिचे अतिरिक्त वजन शून्य असते, खडकावर ती घसरत नाही, आणि तिच्यावर रायफल टेकवली की स्टॉकवरचा दाब एका बिंदूवर न पडता विभागला जातो. उताराचा जो मुद्दा सेजब्रश_उत्तर यांनी मांडला, तो येथे रोजचा आहे. दरीच्या एका अंगावर पालथे पडून समोरच्या अंगावर नेम धरायचा असतो, तेव्हा सॅक उभी केली की चौदा-पंधरा इंच उंची मिळते आणि आडवी केली की सात-आठ. कोणताही आखूड बायपॉड एवढी उंची देऊ शकत नाही.

बायपॉड घ्यायचाच असेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. पायांच्या टोकांना रबर आहे की पोलादी खिळा, आणि ते बदलता येतात का? ओल्या खडकावर रबर चांगले, गोठलेल्या जमिनीवर आणि बर्फावर खिळा चांगला. एकच टोक दोन्हीकडे काम देत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पाय लांब करण्याची पद्धत. पिळून घट्ट होणाऱ्या नळीच्या पायांत बारीक वाळू शिरली की ते करकरतात आणि हातमोज्यांनी पिळता येत नाहीत. खाचांचे पाय बोट न लावता, तळहाताच्या दाबाने सोडता येतात. येथे सायलेन्सर कायदेशीर आहे आणि बहुतेक शिकारी तो वापरतात, त्यामुळे नळीच्या टोकाला आधीच भार असतो. त्यात ४०० ग्रॅमचा बायपॉड लावणारा माणूस मी डोंगरात क्वचितच पाहतो.

ब्राझोसकाठ

सॅकचा मुद्दा मान्य आहे, परंतु प्राँगहॉर्नच्या मागे निवडुंगातून रांगताना सॅक पुढे ढकलत नेऊन पाहा. माळावर प्रिकली पेअरचे काटे असतात आणि सॅकची प्रत्येक हालचाल दिसते. तेथे मिटवलेला बायपॉड निश्चित बरा.

आणखी एक शंका. अतिहलक्या बायपॉडवर रायफल धक्क्याने उसळते आणि गोळी कोठे लागली हे स्कोपमध्ये दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. जड बायपॉडवर खांदा किंचित पुढे रेटून पायांवर भार देता येतो, त्यामुळे रायफल सरळ मागे येते. हलक्या बायपॉडचे पाय असा भार दिला की मिटू लागतात.

सेजब्रश_उत्तर

काही हलक्या रचनांच्या बाबतीत ही शंका रास्त आहे. परंतु शिकारीत भार फार जोराने द्यायचा नसतोच. पाय अडकतील इतपत हलका रेटा पुरेसा असतो, आणि मऊ मातीत पाय थोडे रुतले की उसळणे आपोआप कमी होते. खरी उसळी सिमेंटच्या बाकावर मिळते. कठीण पृष्ठभागावरून बायपॉड उडी मारतो आणि गोळ्या नेहमीच्या जागेपेक्षा वर जाऊ शकतात. म्हणून सिमेंटवर बसून झिरो करायचा (स्कोपचा नेम गोळीच्या जागेशी जुळवायचा) आणि गवतावर झोपून शिकार करायची, हा क्रम मला पटत नाही. ज्या जमिनीवर बार टाकायचा आहे, तशाच जमिनीवर झिरो तपासावा.

कलण्याची सोय मात्र सोडू नका. न कलणारा बायपॉड स्वस्त आणि थोडा हलका असतो, परंतु तिरक्या जमिनीवर प्रत्येक वेळी एक पाय एका खाचेने लांब करत बसावे लागते आणि तेवढ्यात प्राणी निघून जातो. हॅरिसच्या कलणाऱ्या प्रकारात ताण धरणारी चकती बोटांनी पुरेशी घट्ट होत नाही, म्हणून बरेच जण तेथे छोटा दांडा बसवतात. मॅगपुलमध्ये कल आणि आडवे फिरणे दोन्ही मिळते आणि त्यासाठी हत्यार लागत नाही. मधल्या किमतीत तो मला सर्वांत सोयीचा वाटतो. ॲटलस कंपनीचा बायपॉड उत्कृष्ट आहे, परंतु त्याचा दर्जा लक्ष्यभेदाच्या मैदानावर जितका उपयोगी पडतो तितका तीनशे यार्डांच्या आतल्या शिकारीत पडत नाही.

पंचगंगा_नेमबाज

मी कोल्हापूरचा असून बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटर रायफल खेळतो. शिकारीचा माझा काहीही संबंध नाही, परंतु पालथे पडून नेम धरण्याविषयी थोडे सांगू शकेन. आमच्या खेळात बायपॉड चालत नाही. पालथ्या स्थितीत रायफलला आधार असतो तो डाव्या दंडाला बांधलेल्या स्लिंगचा. २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन (पालथे पडून) प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते याच आधारावर. कोपर, मनगट आणि दंड यांचा त्रिकोण नीट बसला की स्नायूंना रायफल उचलून धरावी लागत नाही. स्लिंग तुमच्या रायफलला आधीच आहे, म्हणजे तिचेही अतिरिक्त वजन शून्य.

येथे एक सावधगिरी सांगतो, कारण धागाकर्त्याने स्टॉक साध्या प्लास्टिकचा असल्याचे लिहिले आहे. आमच्या स्पर्धेच्या रायफलींना ॲल्युमिनियमचा ताठ सांगाडा असतो. प्लास्टिकच्या लवचिक स्टॉकचा पुढचा भाग स्लिंग ताणली की एका बाजूला वाकतो आणि मोकळ्या नळीला टेकू शकतो. बायपॉडवर भार दिला की तोच भाग वर वाकतो. नळी मुक्त कंप पावण्याऐवजी स्टॉकला टेकली की गोळीची जागा बदलते. हे आधी तपासा. बायपॉड कोणता, हा विचार त्यानंतर करा.

सेजब्रश_उत्तर

पंचगंगा_नेमबाज यांनी मर्मावर बोट ठेवले. याचा शिकारीवरचा परिणाम आकड्यांत सांगतो. पिशवीवर केलेला झिरो बायपॉडवर शंभर यार्डांना दोन इंच सरकला, तर तीनशे यार्डांना तो सहा इंच सरकतो. प्राँगहॉर्नच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंच व्यासाचा असतो, म्हणजे मध्यावर अचूक नेम धरूनही गोळी दोन इंचांनी त्याच्या बाहेर जाते आणि प्राणी मरण्याऐवजी जखमी होतो. शिकाऱ्यासाठी याहून वाईट दुसरे काही नाही.

तपासणी सोपी आहे. रायफल पूर्ण रिकामी करा, बोल्ट काढून ठेवा, बायपॉड लावा आणि खांद्याने नेहमीइतका भार द्या. आता दुसऱ्या कोणाला तरी एक डॉलरची नोट नळी आणि स्टॉक यांच्यामधून टोकाकडून मागे सरकवायला सांगा. नोट ॲक्शनपर्यंत (बोल्ट बसतो त्या भागापर्यंत) अडथळ्याविना गेली पाहिजे.

माळरान_डेन्व्हर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. एका मित्राचा हॅरिस उसना आणून नोटेची तपासणी केली. भार नसताना नोट सहज जाते. भार दिला की स्टडच्या थोडी मागे अडकते. याचा अर्थ नवा स्टॉक घ्यावा लागणार का? तसे असेल तर बायपॉडचे बजेट तेथेच संपते. उंचीचा मुद्दा पटल्यामुळे सहा ते नऊ इंचांचा विचार मी आता सोडला आहे.

दक्षिण_आल्प्स

नवा स्टॉक हा सर्वांत चांगला उपाय असला तरी एकमेव नाही. प्लास्टिकच्या स्टॉकच्या पुढच्या भागात आतून पोकळ कप्पे असतात. त्यांत कार्बनच्या बारीक सळ्या ठेवून इपॉक्सी भरली की तो भाग बराच ताठ होतो. वजन थोडे वाढते, परंतु ते बायपॉडमध्ये वाचवलेल्या ग्रॅमांतून भागते. इपॉक्सी स्टॉकमध्ये नळी बसते त्या खाचेत वर येणार नाही याची मात्र काळजी घ्या, नाही तर जो दोष काढायचा तोच कायमचा बसेल. खाच आतून सँडपेपरने थोडी घासून रुंद करणे हा त्याहून साधा मार्ग आहे, आणि केवळ एक-दोन मिलिमीटरचा प्रश्न असेल तर तो पुरतो.

ब्राझोसकाठ

सळ्या आणि इपॉक्सीच्या उद्योगाआधी खाच रुंद करून पाहावी, असे मीही म्हणेन. आणि अडीचशे ग्रॅमांविषयीचे माझे मत मी माळापुरते मागे घेतो, डुकरांपुरते नाही.

माळरान_डेन्व्हर (धागाकर्ता)

आठवडाअखेर खाच घासून रुंद केली. आता भार देऊनही नोट आरपार जाते. बायपॉडचा निर्णय असा आहे: कार्बन पायांचा, काढता येणारा बायपॉड त्याच्या लांब पायांच्या आवृत्तीत घेणार आहे, म्हणजे माळावर आणि उतारावर दोन्हीकडे चालेल, आणि एल्कच्या वेळी डोंगरात सॅकवरच भर देईन. स्टडच्या जागी अडॅप्टर बसवताना काय पाहावे, एवढेच शेवटचे विचारतो.

सेजब्रश_उत्तर

आधी स्टॉकच्या आतल्या बाजूने पाहा. स्टडचा स्क्रू केवळ प्लास्टिकमध्ये रुतलेला असेल, तर तो बायपॉडच्या धक्क्याने सैल होत जातो. आतून धातूची नट असली पाहिजे, नसेल तर ती बसवून घ्या. स्क्रू आत इतका लांब नको की त्याचे टोक नळीला लागेल. आट्यांवर निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, लाल नको, नाही तर पुढे तो तापवल्याशिवाय निघणार नाही. स्लिंग कोठे अडकवणार हेही आताच ठरवा, कारण काही अडॅप्टरमध्ये स्लिंगसाठी वेगळी कडी असते आणि काहींमध्ये नसते.

बसवून झाल्यावर गवतावर झोपून, थंड नळीने, तीन गोळ्या बायपॉडवरून आणि तीन सॅकवरून शंभर यार्डांना टाका. दोन्ही गटांचे मध्य एक इंचाच्या आत आले तर एकच झिरो दोन्हीकडे चालेल. त्याहून लांब पडले तर झिरो बायपॉडवरचा ठेवा, सॅकवरचा फरक कागदावर लिहून स्टॉकला चिकटवा आणि एल्कच्या आधी झिरो पुन्हा सॅकवर करून घ्या. रांगताना चेंबर रिकामे असू द्या आणि बायपॉड उघडल्यावरच काडतूस चढवा.